मधे बसणाऱ्या बाई

आमच्या घरमालकीणबाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. नगरसेवकाला तुम्ही, कचरा न्यायला येणाऱ्या माणसाला तुम्ही, माझ्या पाच वर्षांच्या भावाला तुम्ही, आणि ओट्यावर येऊन पसरणाऱ्या खरजुल्या कुत्र्यालाही तुम्ही. "तुम्ही आता उठा, मला झाडायचंय," असं त्या कुत्र्याला सांगायच्या आणि तो उठायचाही. घाटकोपर पश्चिमेच्या आमच्या डोंगरावर दोन बोलण्यांत माणूस अरे-तुरेवर आणि तिसऱ्यात आयमाईवर यायचा, तिथे हे भलतंच होतं. माझा भाऊ सुरुवातीला मागे वळून बघायचा, आपल्या पाठीशी कोण मोठं माणूस उभं आहे म्हणून.

मी एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, आमच्या पंथात जुन्या काळी याच्या उलट होतं, सरदार असो की मोलकरीण, सगळ्यांना एकेरीच हाक. त्यापायी लोक मार खायचे, तुरुंगात जायचे. "इथे मी नगरसेवकांना अरे म्हटलं तर काय होईल सांगा. म्हणून मी खालच्यांना वर घेते. पातळी एक झाली म्हणजे झालं."

पंथ म्हणजे क्वेकर. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला, आणि आमच्या डोंगरावर तो कुणालाच धड म्हणता आला नाही. लोक आपले 'वेगळ्या ख्रिश्चन बाई' म्हणायचे. नर्मदेकाठच्या एका गावात त्यांचा जन्म. दुष्काळात पोरकी झालेली त्यांची आजी विलायतेहून आलेल्या क्वेकर लोकांच्या आश्रमात वाढली, तेव्हापासून हे घराणं त्या वाटेचं. बाई नर्स व्हायला मुंबईत आल्या, एका मराठी रेल्वे कारकुनाशी लग्न केलं, त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी चार खोल्यांचं बैठं घर बांधलं आणि लवकरच वारले. एका खोलीत बाई, तीन खोल्यांत आम्ही तीन भाडेकरू. मराठी त्या पेशंटांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे दुखण्याखुपण्याचे सगळे शब्द त्यांना यायचे आणि सणावाराचे एकही नाही.

दर रविवारी दहा वाजता त्यांच्या खोलीत पाच-सहा माणसं जमायची. मुलुंडहून एक मल्याळी टायपिस्ट यायचे, चेंबूरहून एक म्हातारं जोडपं. पाद्री नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही, गाणं नाही. तासभर नुसतं गप्प बसायचं. कुणाला आतून काही सुचलं तर त्याने उठून दोन वाक्यं बोलायची, नाहीतर तेही नाही. आम्ही पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघायचो, की आता काहीतरी होईल. काहीच व्हायचं नाही. आई एकदा त्यांना म्हणाली, देव कुठेय तुमचा? बाई म्हणाल्या, प्रत्येक माणसाच्या आत थोडा आहे. आई म्हणाली, एवढंच होय, हे तर आमच्या संतांनी केव्हाच सांगून ठेवलंय. "मग सोपं झालं की," बाई म्हणाल्या. "आता फक्त तसं वागायचं राहिलं."

शपथ हा प्रकार त्यांना चालायचा नाही. आमच्या तोंडी दर दोन वाक्यांना 'आईशप्पथ' असायचं. त्या म्हणायच्या, आईंना कशाला मधे आणता, नुसतं सांगा, माझा विश्वास आहे. हे फार वाईट होतं. आईची शपथ घेऊन मी कितीदा खोटं बोलले असेन, पण 'माझा विश्वास आहे' म्हणून चष्म्यातून बघत बसलेल्या बाईसमोर थाप मारणं म्हणजे छळ होता. रेशनकार्डावरच्या नावाच्या दुरुस्तीसाठी एकदा त्यांना छापील फॉर्मवर 'शपथेवर लिहून देते' असं सही करून द्यायचं होतं. बाईंनी 'शपथेवर' खोडलं. कारकून म्हणाला खोडता येणार नाही. बाई म्हणाल्या, आज शपथ घेतली म्हणून खरं बोलले, तर उरलेले दिवस काय खोटं बोलते? चार खेपा झाल्या. शेवटी कारकुनानेच कंटाळून वर हाताने 'प्रतिज्ञेवर' लिहिलं आणि चहा मागवला.

आणि हट्ट! आमच्या चारही घरांत मिळून एक संडास होता, त्याचं दार कुजलं म्हणून नवं बसवलं. रंग कुठला द्यायचा? कुणी म्हणालं हात वर करा, मतं मोजा. बाईंना मतदान नामंजूर. त्यांच्या मते मतदान म्हणजे चारांनी तिघांना हरवणं, आणि हरलेला माणूस त्या दाराशी रोज सकाळी कुढत उभा राहणार. सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं, घाई काय आहे. दोन घरं हिरव्यासाठी राजी, माझे बाबा निळ्यावर अडलेले. महिन्यातून एकदा बाई सगळ्यांना ओट्यावर बसवायच्या, पाच मिनिटं गप्प, मग विचारायच्या, आज काय वाटतं? बाबा म्हणायचे, निळा. दोन पावसाळे ते दार बिनरंगाचं राहिलं आणि पुन्हा कुजायला लागलं, तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, करा काय तो हिरवा. आई म्हणाली, ह्यांचं आणि बाईंचं मागच्या जन्मीचं काहीतरी असणार.

पण डोंगरावर त्यांचं नाव झालं ते स्टुलामुळे. आमच्या भिंतीला लागून महापालिकेचा नळ होता. सकाळी पाच ते सात पाणी, आणि वरच्या शंभरेक खोल्यांच्या कळशा-हंडे रांगेत. भांडण रोजचंच. ते पेटलं की बाई एक लाकडी स्टूल, छत्री आणि विणकामाची पिशवी घेऊन बाहेर यायच्या आणि भांडणाऱ्या दोघींच्या बरोबर मधे स्टूल टाकून बसायच्या. बोलायच्या काही नाहीत. स्वेटर विणायच्या. घाटकोपरात स्वेटर लागतो वर्षातून चार दिवस, त्यामुळे ते कुणासाठी हे पहिल्यांदा कुणालाच कळेना. ते नर्मदेकाठच्या शाळेतल्या पोरांसाठी जायचे. डोक्यावरून शिव्या चाललेल्या, आणि या आपल्या टाके मोजतायत. मधे एक म्हातारी बाई बसली की हंडा उगारायचा कसा? एकदा एकीने उगारलाच. बाईंच्या कपाळाला खोक पडली. मग त्या दोघी भांडखोर बायका त्यांना दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि परत येताना एकमेकींशी बोलत आल्या. बाईंना हे फार आवडलं. दोन टाक्यांत काम झालं, म्हणायच्या.

आज मी लोकांच्या भांडणांत बसण्याचीच नोकरी करते. नवराबायको येतात, मी समोर बसते, कागद भरते, ऐकते. लोक विचारतात, ही चिकाटी कुठून आणलीस गं? मी सांगते, आमच्या घरमालकीणबाईंकडून. स्वेटर मात्र मला अजून येत नाही. बाई ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नर्मदेकाठी परत गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं माझ्या फार मनात होतं, पण ते त्यांना चालायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आणि ज्या गोष्टीसाठी लिहिते आहे, ती अजून सांगितलीच नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. पहिले महिने जोरात गेले, मग घरातला एकेक डबा रिकामा होत गेला. बाई संपाच्या बाजूच्या की विरुद्ध हे कुणाला कळेना. दर सोमवारी त्या बाबांच्या गिरणीच्या मालकांना एक पोस्टकार्ड टाकायच्या. मजकूर असा: तुमच्या गिरणीतले सहा जण आमच्या डोंगरावर राहतात. काल त्यांच्या घरी काय शिजलं ते कळवते. मग खाली सहा घरांची यादी. पेज. भात आणि मीठ. काही नाही. कुळथाची पिठी. पेज. काही नाही. शेवटी 'तुमची हितचिंतक' आणि सही. वर्षभर कार्डं गेली. एकदाच उत्तर आलं, की आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. बाईंनी ते जपून ठेवलं होतं. म्हणायच्या, म्हणजे वाचतात तरी.

ज्या घरांत 'काही नाही' असायचं तिथे दुपारी बाईंचं पातेलं जायचं. त्या अतिशय वाईट स्वयंपाक करायच्या, सगळं उकडलेलं आणि बिनमिठाचं. आम्ही ते खाऊन वाढलो.

त्या सहा घरांत परबकाकांचं एक होतं. बाबांच्या शेजारचे साचे त्यांचे. गावंही शेजारची, सावंतवाडीकडची. दोघांनी एकाच दिवशी गिरणीत पाऊल टाकलं होतं. वर्ष उलटल्यावर परबकाका फुटले. त्यांची धाकटी मुलगी सारखी आजारी असायची. एके सकाळी ते पोलिसांच्या पहाऱ्यात कामावर गेले, आणि मग रोज जायला लागले. बाबा त्यांचं नाव काढेनासे झाले. बाई मात्र परबांकडेही जायच्या आणि आमच्याकडेही यायच्या, त्याचा बाबांना राग यायचा.

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, परबकाका कामावरून येत होते. डोंगराच्या पायथ्याशी बाबा आणि खात्यातले दोघे उभे होते. आधी शिव्या झाल्या, मग त्यांचा डबा उडवला, मग बाबांच्या हातात दांडकं होतं. बाई ओट्यावरून ओरडत धावल्या. स्टूल घ्यायलाही थांबल्या नाहीत. त्या पोचल्या तेव्हा बाकीचे दोघे पळाले होते, परबकाका रस्त्यात बसले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटाशी भलत्याच बाजूला वळला होता. बाबा तिथेच उभे होते. बाईंनी मला हाक मारून माझी शाळेची लाकडी फूटपट्टी मागितली, हात तिला बांधला, रिक्षा बोलावली आणि काकांना इस्पितळात नेलं. बाबांशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

इस्पितळातून पोलिसांना कळलंच. दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आले. परबकाकांनी सांगितलं होतं, अंधार होता, कोण ते दिसलं नाही. आता राहिली बाईंची साक्ष. आम्ही भिंतीपलीकडे कान लावून बसलो होतो. बाई हवालदाराला म्हणाल्या, मी पाहिलंय. नावं उद्या अकराला चौकीवर येऊन सांगेन, त्याआधी मला त्या माणसांना तसं सांगायला हवं. हवालदार चिडला, मोठ्याने बोलला. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. तो गेला.

बाई लगेच आमच्या दारात आल्या. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई उठली आणि तिने बाईंचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही काही बघितलं नाही म्हणा बाई. एवढंच. तो परब पण तेच म्हणतोय. कुणाचं काय जातंय?"

"मी बघितलंय," बाई म्हणाल्या.

"चार पोरं आहेत माझी. ह्यांना आत टाकलं तर मी कुठे जाऊ?"

"कुठे जायचं नाही. पोरांचं मी बघेन, तुमचंही बघेन, जामीनही राहीन. तुमच्यासाठी पुष्कळ करेन. हे करणार नाही."

आई रडायला लागली. बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत, तशाच उभ्या राहिल्या. मग वाकून बाबांच्या पाठीला म्हणाल्या, उद्या सकाळी आठपासून मी परबांकडे बसते. साडेदहाला चौकीवर निघेन. त्याआधी तुम्ही वर आलात तर मला बरं वाटेल.

मी त्या बाईचा इतका राग राग कधीच केला नव्हता. तिचं खरं आणि आमचा बाप. पेज पाठवते म्हणून काय झालं? मी ठरवून टाकलं, की यापुढे हिच्याशी बोलायचं नाही.

सकाळी आठला बाई स्टूल घेऊन आमच्या दारावरून वर गेल्या. बाबा नऊपर्यंत तसेच पडून होते. साडेनऊला दाढी केली. दहाला सदरा घातला आणि चढायला लागले. मी मागोमाग गेले, मला कुणी नको म्हटलं नाही.

परबांची खोली एवढीशी. काका खाटेवर, हाताला ओलं प्लास्टर. काकी चुलीपाशी. बाई खाट आणि दार यांच्या बरोबर मधे स्टुलावर, विणकाम मांडीवर तसंच. बाबा उंबऱ्यात उभे राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बाई उठल्या, स्टूल उचललं, बाबांच्या बाजूने बाहेर आल्या आणि पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. नळावर त्यांना कधी भांडण सोडून उठताना मी पाहिलं नव्हतं.

आत आता मधे कुणी नव्हतं. बाबांचा आवाज आला. "मियाच मारलंय. तुका ठाऊक आसा."

"ठाऊक आसा," परबकाका म्हणाले.

आणखी काही नाही. बाबा बाहेर येत होते, तेव्हा काकी कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, आता वर पाणी कोण आणणार? नळाचं पाणी रोज परबकाकाच आणायचे.

बाबा आणि बाई चौकीवर गेले. बाईंना तोंड उघडायची वेळच आली नाही, बाबांनी स्वतःच सांगितलं. नंतर बाईंनी जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. बाबा पळाले नाहीत, मान खाली घालून तिथेच उभे होते, हेही सांगितलं. तीन दिवस बाबा कोठडीत होते. बाई जामीन राहिल्या. तीन दिवस आमच्याकडे बिनमिठाचं आलं आणि मी ते खाल्लं नाही.

सुटून आल्यावर दुसऱ्या सकाळी बाबा पाचला नळावर उभे. सगळ्या बायका बघतायत, आणि हा साचेवाला माणूस दोन हंडे भरून वर निघालाय. मी मागून कळशी घेऊन. पहिल्या दिवशी काकीने दार उघडलं नाही, हंडे बाहेर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी रिकामे हंडे बाहेर ठेवलेले होते, एवढाच फरक. संपवाले बाबांना हसायचे, फुटीराची कावड वाहतो म्हणायचे. एक जण तर तोंडावर थुंकला. बाबांनी सदऱ्याला तोंड पुसलं आणि हंडे खाली न ठेवता गेले. घरी येऊन ते कुणाशीच बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बाईंनी बाबांना मोडून टाकलं. त्या मला ओट्यावरून विचारायच्या, अभ्यास झाला का तुमचा? मी मान वळवून आत जायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

असे सहा आठवडे गेले. मग प्लास्टर निघालं. हात थोडा वाकडाच राहिला, पण साचा चालवण्याइतका बरा झाला होता. त्या सकाळी आम्ही वर गेलो तर परबकाका स्वतः दारात उभे होते. बाबांनी हंडे ठेवले. काकांनी त्या हाताने, हळूच, एक हंडा उचलून आत नेला. परत बाहेर आले.

"उद्यापासून पाणी हाडू नको," ते म्हणाले. बाबा मान हलवून वळले. "रे, खंय चललंस? चाय घेवक ये."

बाबा उभ्याउभ्या रडायला लागले. मी त्यांना तोपर्यंत कधी रडताना पाहिलं नव्हतं. काकांनी त्यांना खांद्याला धरून आत घेतलं आणि काकी मला म्हणाली, तू जा बाय घरी, आईक सांग, उशीर होईल.

मी डोंगर धावत उतरले. आईला सांगायच्या आधी बाईंची खोली लागायची. दार उघडं होतं, त्या जमिनीवर बसून भेंडी चिरत होत्या. मी आत गेले आणि जे झालं ते एका दमात सांगितलं. काकांनी काय म्हटलं, बाबा कसे रडले, सगळं. त्यांनी एकदाही मधे विचारलं नाही. माझं संपलं तरी मी तिथेच उभी. मग जे मनात होतं तेच म्हणाले.

"बाई, त्या दिवशी तुम्ही आईचं ऐकलं नाहीत ते बरं झालं."

बाईंनी सुरी खाली ठेवली. चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले.

"हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं हो," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे झाले, मला धड झोप नाही."